पब्लिक सोडून प्रायव्हेट डे स्कूल (९वी ते १२वी) : कुणाची मुलं जातात का?

तिळगूळ_जर्सी

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय कारण डोकं फुटायची वेळ आलीये.

लेक आठवीत आहे, आम्ही अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत. हिच्या मैत्रिणीने अर्ज केला म्हणून हिनेही हट्टाने एका प्रायव्हेट डे स्कूलला अर्ज केला (नाव लिहीत नाही, इथले अर्धे लोक ओळखतील). डिसेंबरात ती आयएसईई (प्रायव्हेट शाळांची प्रवेश) परीक्षा दिली, मग तिचा इंटरव्ह्यू, मग आमचा इंटरव्ह्यू (माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात एवढे प्रश्न नव्हते), आणि मार्चमध्ये चक्क अ‍ॅडमिशन मिळाली. आता १० एप्रिलपर्यंत डिपॉझिट भरायचंय आणि ते परत मिळत नाही.

फी वर्षाला ५० हजारांच्या घरात. डॉलर. पुस्तकं, लॅपटॉप, ट्रिपा वेगळ्या. नवऱ्याचं म्हणणं, ज्या फुकटच्या पब्लिक (सरकारी) शाळेसाठी या टाऊनमध्ये घर घेतलं, वर्षाला १८ हजार प्रॉपर्टी टॅक्स भरतो, तीच सोडायची? घरी पुरणपोळी शिजलेली असताना बाहेर जाऊन उपमा खायचा प्रकार आहे म्हणे.

पण मी व्हिजिटला गेले होते आणि एक वर्ग बघितला तो डोक्यातून जातच नाहीये. फळ्याकडे तोंड करून बाकं नाहीतच, एक भलंमोठं लंबगोल टेबल, भोवती १३ मुलं आणि त्यांच्यातल्याच एका खुर्चीत बाई. पाऊण तासात बाई तीनदा बोलल्या असतील. एक मुलगा दुसऱ्याला पुस्तक पुढे करून म्हणाला, तू म्हणतोयस ते या पानावर नक्की कुठे आहे दाखव. आणि त्याने शोधून दाखवलं! माझी लेक अबोल आहे हो. सगळ्यात ए, आणि तरी कॉन्फरन्सला गेलो की टीचरना तिचा चेहरा आठवायला पाच सेकंद लागतात, त्यातली.

तर ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत/होती त्यांनी लिहा, अभ्यास खरंच वेगळा असतो का, मुलांचं रोजचं आयुष्य कसं असतं, कॉलेज अ‍ॅडमिशनला काही फरक पडतो का आणि पैसे वसूल होतात का.

---

जर्सीकर_जुना

नाही. वसूल होत नाहीत. पुढचा प्रश्न.

बरं सिरियसली. चार वर्षांचे २ लाख डॉलर, फी दरवर्षी वाढते ते वेगळंच. आमची दोन्ही मुलं टाऊनच्या पब्लिक शाळेतून गेली, रटगर्सला (इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीला) गेली, आज कमावतात, जेवायला घरी येतात. तुम्हाला द्यायचेच असतील तर निदान ५२९ अकाउंटमधून (शिक्षणासाठीचं टॅक्स वाचवणारं बचत खातं) द्या, २०१८ पासून शाळेच्या फीला वर्षाला १० हजारांपर्यंत काढता येतात, २०२६ पासून ती मर्यादा २० हजार झालीये. पण मग कॉलेजला त्यात काय उरणार ते बघा.

---

मधुरा_बे

माझी मुलगी अशाच एका शाळेत ११वीत आहे, बे एरियात. (५२९ बद्दल: कॅलिफोर्नियात राज्याच्या टॅक्ससाठी ते चालत नाही, इकडच्या लोकांनी घाई करू नका.) दिवस कसा असतो ते सांगते, जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे सोमवार हा सोमवार नसतो. रोटेशन असतं, डे १, डे २ असे सात दिवस फिरत राहतात, त्यामुळे केमिस्ट्री कधी सकाळी आठला आणि कधी जेवण झाल्यावर पेंगताना. मी दोन वर्षं फ्रिजवर कॅलेंडर लावलं, मग सोडून दिलं, तिलाच पाठ असतं. तास सव्वा तासाचा. मधे फ्री पिरियड, त्यात मुलं टीचरकडे जाऊन बसू शकतात, आणि खरंच जातात, हे मला सगळ्यात नवल वाटलं. आम्ही शाळेत असताना टीचर्स रूमच्या दारात उभं राहायचं म्हणजे पाय लटपटायचे.

होमवर्क भरपूर. ११वी म्हणजे ज्युनियर इयर सगळ्यात वाईट, रात्री साडेअकराला दिवा बंद झाला तर मी देवाला उदबत्ती लावते. एका दिवशी दोनपेक्षा जास्त टेस्ट घ्यायच्या नाहीत असा नियम आहे पण क्विझ म्हणजे टेस्ट नाही आणि प्रेझेंटेशन म्हणजे तर नाहीच नाही, त्यामुळे नियम आपला कागदावर सुखी आहे.

खेळ सक्तीचा. माझी बाई बस पकडायला कधी धावली नव्हती, ती आता क्रॉस कंट्रीच्या टीममध्ये आहे कारण त्यात कुणाला काढत नाहीत. शेवटून तिसरी येते. पण येते, आणि बसमध्ये सगळ्या मिळून किंचाळत गाणी म्हणतात, तेच तिचं खरं फ्रेंड सर्कल झालंय.

आता त्रास. मुलं वीस टाऊनमधून येतात. आमच्या गल्लीत हिची एकही मैत्रीण नाही. कुणाकडे जायचं म्हणजे ४० मिनिटं ड्रायव्हिंग, माझं. लायसन्स मिळेपर्यंत मी शोफर होते.

आणि तुमच्या अबोल लेकीबद्दल. इथे ग्रेडबरोबर प्रत्येक टीचर एक परिच्छेद लिहून पाठवतो. पहिल्या टर्मला इंग्लिशच्या सरांनी लिहिलं होतं की ती फार लक्षपूर्वक ऐकते आणि टेबलाला तिचे विचार ऐकायची उत्सुकता आहे. मी खूश होऊन आईला फोन करून वाचून दाखवलं. दुसऱ्या टर्मला परत तेच वाक्य, जरा फिरवून. मग ट्यूब पेटली की ही तक्रार आहे. अमेरिकन इंग्लिशमध्ये कौतुक कुठे संपतं आणि तक्रार कुठे सुरू होते ते कळायला मला वर्ष गेलं.

---

पॉपकॉर्नवाली

"टेबलाला उत्सुकता आहे" 😂😂 आमच्या वेळी टेबलाला फक्त करकटकाची भोकं असायची.

---

गणिताचा_मास्तर

मी दोन्हीकडे शिकवलंय, आधी ९ वर्षं पब्लिक, आता ६ वर्षं प्रायव्हेट. थोडं आतलं सांगतो.

ते लंबगोल टेबल म्हणजे हार्कनेस टेबल. १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनवंताने फिलिप्स एक्सिटर अकॅडमीला मोठी देणगी दिली, शिकवण्याची पद्धतच बदला म्हणून. ती बोर्डिंग शाळा, पण टेबल मात्र पुढे देशभरच्या डे स्कूल्सनी उचललं. लंबगोल का तर कोपरा नाही म्हणजे लपायला जागा नाही. कोण कुणाशी बोललं याच्या रेघा टीचर कागदावर ओढत असतो, तासाच्या शेवटी कोळ्याचं जाळं दिसतं, आणि ज्याच्या नावाला एकही रेघ आली नाही ते मूल लगेच डोळ्यात भरतं. मधुराताईंच्या लेकीचं ते वाक्य तिथूनच आलंय, खात्रीने सांगतो, कारण असली वाक्यं मीही लिहितो.

आता खरा फरक. टेबल नाही, बिल्डिंग नाही, टीचर जास्त हुशार असतात असंही नाही. उलट प्रायव्हेटला बऱ्याच राज्यांत शिक्षकाला सरकारी लायसन्स लागत नाही, माझ्या आसपास पीएचडीवाले आहेत ज्यांना पोरं सांभाळता येत नाहीत आणि पब्लिकमध्ये मी अशा बाई बघितल्यात की त्यांच्या पाया पडावं. फरक बेरजेचा आहे. पब्लिकला माझ्याकडे पाच वर्ग, प्रत्येकी २८, म्हणजे १४०. इथे चार वर्ग, प्रत्येकी १५, म्हणजे ६०. उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीला चुकलं हे ६० जणांचं बघता येतं, १४० जणांचं नाही बघता येत, माणूस मरेल. ५० हजार त्याचे आहेत. कुणीतरी तुमच्या मुलाची तिसरी ओळ वाचतंय याचे.

अजून एक, एपी (शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती आहेत हे मोजत बसू नका. २०१८ मध्ये वॉशिंग्टन डीसी भागातल्या आठ प्रायव्हेट शाळांनी, त्यात सिडवेल फ्रेंड्सही होती, मिळून जाहीर केलं की २०२२ पर्यंत एपी कोर्स बंद करणार, स्वतःचे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स शिकवणार. मुलं तरी मे महिन्यात एपीच्या परीक्षा देऊ शकतात, कोर्स न घेताही बसता येतं. देसी पालकांची मात्र झोप उडते, "एपी नाही म्हणजे शिकवतात काय".

---

सदाशिव_पेठी_इन_एक्झाइल

वाचून गंमत वाटली. पुण्यात ११वी-१२वीला आमच्या वर्गात १२० नावं होती आणि हजर १९. बाकीचे क्लासला. कॉलेज फक्त प्रॅक्टिकल आणि जर्नलवरच्या सहीपुरतं. सर हजेरी घ्यायचे तेव्हा एकाच आवाजात चार रोल नंबर "यस सर" म्हणायचे, सर मान वर करायचे नाहीत. आम्हाला कुणी बघितलं नाही हेच आमचं स्वातंत्र्य होतं. दिवे घ्या (गमतीत घ्या).

---

अर्धवट_देसी

हाय, मी इथे वाचतो कारण आई वाचते. मराठी टाईप करतोय फोनवर, चुका असतील सॉरी.

मी अशा शाळेत ९ ते १२ गेलो, आता कॉलेज संपलं. फायनान्शियल एडवर गेलो होतो, जवळजवळ अर्धी फी माफ. कुणाला सांगत नाहीत पण कळतं. कसं कळतं तर विंटर ब्रेक नंतर. सगळे विचारतात कुठे गेलेलास, कुणी स्की करायला कोलोरॅडो, कुणी कुठल्या बेटावर, आणि मी सांगलीला आजीकडे. पहिल्या वर्षी मी "ट्रॅव्हल केलं इंडियात" असं कूल करून सांगितलं. सिनियर इयरला मी सरळ सांगितलं की आजीच्या गच्चीवर पतंग उडवला आणि पडलो, आणि सगळे हसले आणि ते बरं वाटलं. म्हणजे तीन वर्षं लागली.

माझ्या बॅचमध्ये ९० मुलं होती. हे लक्षात घ्या काकू. ९० मुलं म्हणजे ब्रेकअप झालं तरी तीच मुलगी तुमच्या हिस्टरीमध्ये, लंचमध्ये आणि ऑर्केस्ट्रामध्ये. भांडण झालं तर दुसरा ग्रुप नाही जायला. पब्लिकमध्ये दोन हजार मुलं, तिथे हरवता येतं आणि सापडताही येतं.

टीचर्स खूप भारी होते. मला लॅटिन शिकवणारे सर, मी फालतू ग्रेड आणत होतो, त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं की तू घरी कुठली भाषा बोलतोस. मी सांगितलं मराठी. ते म्हणाले मग तुला विभक्ती आधीच येते, "घर, घराला, घरात, घरून" हे म्हण बघू. मी म्हटलं. ते म्हणाले हेच लॅटिन आहे. कुठल्याच संडे मराठी शाळेत मला हे कुणी सांगितलं नव्हतं (सॉरी आई). त्यानंतर बी प्लस.

टॉप कॉलेज मिळालं नाही, स्टेट युनिव्हर्सिटीला गेलो. पण पहिल्या आठवड्यात सगळे प्रोफेसरला घाबरत होते आणि मी ऑफिस अवर्सला (प्रोफेसर मुलांना भेटतात ती वेळ) जाऊन बसलो कारण मला ते नॉर्मल होतं. एवढाच फरक मला जाणवला, पण तो चारही वर्षं जाणवला.

---

पॉपकॉर्नवाली

अर्धवट_देसी, तुझा आयडी बदल रे बाळा. "घर, घराला, घरात, घरून" वाचून डोळ्यात पाणी आलं.

---

कुंपणावरची_सीमा

कॉलेजबद्दल कुणी नीट लिहीना म्हणून लिहिते, मुलगा गेल्या वर्षी या चक्कीतून बाहेर पडला.

काउन्सेलर (कॉलेजच्या अर्जाला मदत करणारे) हा मोठा फरक. त्यांच्या संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलं अशी आहे आणि बऱ्याच पब्लिक शाळांत तेवढंही जमत नाही. आमच्याकडे एका बाईंकडे ४० मुलं. कॉमन अ‍ॅपचा (कॉलेजांच्या सामायिक अर्जाचा) ६५० शब्दांचा निबंध त्यांनी सहा वेळा वाचला. पहिल्या ड्राफ्टमध्ये आमच्या चिरंजीवांनी रोबोटिक्स जिंकल्याचं लिहिलं होतं, बाईंनी विचारलं की हरलात ती मॅच कुठली, त्यावर लिही. मी घरी बोंबलत होते की हरल्याचं कोण लिहितं. पण शेवटी तोच निबंध गेला.

पण!! शाळेत रँक नाही म्हणून स्पर्धा नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एकाच कॉलेजला एकाच वर्गातून २२ जण अर्ज करतात आणि ते घेतात ३-४. त्यात कुणी स्पोर्ट्सवर आधीच ठरलेला, कुणाचे वडील तिथेच शिकलेले. १ नोव्हेंबरच्या अर्ली डिसिजनच्या (घेतलं तर तिथेच जायचं, अशा एकाच कॉलेजच्या अर्जाच्या) आधी पोरं एकमेकांशी बोलणं बंद करतात. नव्हिअन्सवर (शाळेतल्या आधीच्या मुलांना कुठे घेतलं ते दाखवणारी साइट) ठिपके बघायचे, आपल्या जीपीएच्या (सरासरी ग्रेडच्या) आसपास हिरवा किती लाल किती. माझ्या नवऱ्याने शेअर मार्केटचे आलेख एवढे बघितले नसतील. टाऊनच्या शाळेत तोच मुलगा पहिल्या दहात असता, इथे मधल्या घोळक्यात होता. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), कॉलेजसाठी म्हणून पैसे टाकत असाल तर टाकू नका.

---

सिअ‍ॅटलचा_पाऊस

रच्याकने (जाता जाता), आमच्या गावच्या लेकसाइड शाळेची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल तरी सांगतो. १९६८ मध्ये तिथल्या मदर्स क्लबने जुन्या सामानाची विक्री केली आणि त्या पैशांतून शाळेला टेलिटाइप टर्मिनल (दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं टाइपरायटरसारखं यंत्र) आणि कॉम्प्युटरचा वेळ मिळाला. बिल गेट्स तेव्हा आठवीत, पॉल अ‍ॅलन दोन वर्षं पुढे, पुढे दोघांनी मायक्रोसॉफ्ट काढलं. तिळगूळ, तुमची पण आठवीतच ना?

---

जर्सीकर_जुना

म्हणजे २ लाख न भरता गराज सेल लावायचा, असंच ना? मला पटतंय.

---

सिअ‍ॅटलचा_पाऊस

नाही हो, आधी फी, मग गराज सेल 😀

---

निनावी_यावेळी

नेहमीचा आयडी वापरत नाहीये, कळेल का ते. एक वाईट अनुभव, शाळेचं नाव विचारू नका.

या शाळांत ऑनर कोड असतो, दर पेपरवर मुलं सही करतात की मी कॉपी केली नाही. माझा मुलगा १०वीत असताना लॅब रिपोर्टमध्ये त्याच्या पार्टनरने त्याचा तक्ता जसाच्या तसा घेतला. ह्याने दिला होता, "बघ नुसता" म्हणून. दोघेही ऑनर कौन्सिलसमोर. कौन्सिलमध्ये कोण तर मुलंच, वरच्या वर्गातली, आणि दोन टीचर. आम्हाला फोन आला तेव्हा ठरवून झालं होतं. माझ्या मुलाने सरळ कबूल केलं, रिपोर्टला शून्य, आणि एक माफीचं पत्र, ते त्याने चार वेळा लिहिलं कारण कौन्सिलला पहिल्या तीन पत्रांत "जर कुणाला वाईट वाटलं असेल तर" हे चाललं नाही. दुसऱ्या मुलाचे पालक वकील घेऊन आले. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळवलं नाही, तो मात्र पुढच्या महिन्यात टेनिस टीममध्ये दिसत होता.

मला राग शिक्षेचा नाही. चूक होती. पण कोड सगळ्यांना एक आणि वकील ज्याचा त्याला, हे १५ वर्षांच्या मुलाने बघितलं. तो तिथेच राहिला, ग्रॅज्युएट झाला, अजून त्या केमिस्ट्रीच्या बाईंना ईमेल करतो. त्या वर्षी जानेवारीपासून शुक्रवारी लंचला त्या त्याच्याशी बुद्धिबळ खेळायच्या, एकदाही विषय काढला नाही. आता काय म्हणायचं या शाळेला, मला ठरवता येत नाही.

---

गणिताचा_मास्तर

निनावी, लिहिलंत ते बरं केलंत. हे होतं. सगळीकडे नाही, पण होतं. आता एआय आल्यापासून कौन्सिलकडे गर्दी वाढलीये, आमच्या इंग्लिश डिपार्टमेंटने निबंध परत वर्गात बसून, हाताने, निळ्या वहीत सुरू केलेत. मुलांची बोटं दुखतात. आपल्या पिढीला सांगायला मजा येते की आम्ही तीन तास लिहायचो आणि वर पुरवण्या मागायचो.

---

मधुरा_बे

तिळगूळ, कुठे गायब? आज ५ तारीख.

---

तिळगूळ_जर्सी

आहे आहे. सगळं वाचतेय, नवऱ्यालाही वाचायला लावलं. त्याला जर्सीकरांचे प्रतिसाद फार आवडले, आश्चर्य.

शाळेला ईमेल केला की फायनान्शियल एडचा फॉर्म भरायची मुदत गेलीये, पुढच्या वर्षी भरता येईल का, त्यांनी सांगितलं येईल पण पहिल्या वर्षी काही नाही. म्हणजे पहिलं वर्ष पूर्ण फी. किचनचं काम करायचं होतं ते मग राहिलं.

लेकीशी बोलले. मी मोठं भाषण तयार केलं होतं, ५२९, काउन्सेलर, १५ मुलांचा वर्ग. तिने एकच विचारलं, "तिथे रोज बोलावं लागेल ना?" मी म्हटलं हो. म्हणाली मला परत एकदा बसून बघायचंय. म्हणून शाळेला विचारून काल दुसऱ्यांदा पाठवली. संध्याकाळी गाडीत बसली, सीट बेल्ट लावला, काही बोलेना. रूट १ च्या सिग्नलला म्हणाली, दोनदा बोलले. मी विचारलं काय बोललीस, तर म्हणे एकदा नुसतं "आय अ‍ॅग्री" आणि दुसऱ्यांदा "आय डोन्ट". मग घरी येईपर्यंत त्या "आय डोन्ट" वर बोलत होती, न थांबता, २५ मिनिटं, मी एकदाही मधे तोंड घातलं नाही हा माझ्यासाठी विक्रम आहे.

नवरा अजून तयार नाही. पण काल रात्री तो बस रूटचा नकाशा बघत होता, मी बघितलंय.

---

जर्सीकर_जुना

नकाशा बघतोय म्हणजे गेला तो. असो. तुमचे पैसे, तुमची लेक, शुभेच्छा. फुकटची माहिती देतो, शाळा २० मैलांच्या आत असेल आणि नफा न कमावणारी असेल तर टाऊनच्या डिस्ट्रिक्टला अर्ज करा, त्यांना बस द्यावी लागते किंवा त्याऐवजी पैसे द्यावे लागतात, वर्षाला हजाराच्या वर. फॉर्म शाळेच्या ऑफिसातून घ्या. १८ हजार टॅक्समधले हजार तरी परत येऊ द्या.

---

तिळगूळ_जर्सी

हे माहीतच नव्हतं! नवऱ्याला वाचून दाखवलं, पहिल्यांदाच हसला.

९ तारखेला रात्री ११ वाजता डिपॉझिट भरलं. वेबसाइटने क्रेडिट कार्डला वर अडीच टक्के लावले म्हणून परत पहिल्यापासून बँक अकाउंटवरून भरलं.

---

कुंपणावरची_सीमा

अभिनंदन गं! लेकीचं नाव क्रॉस कंट्रीत घाल, ऑगस्टमध्ये प्रॅक्टिस सुरू होते, शाळा उघडायच्या आधी चार ओळखी होतात.

---

वाटसरू_०९

मी फक्त वाचत होतो, आज पहिलाच प्रतिसाद. रूट १ म्हणालात म्हणून विचारतो, आमचा मुलगाही सप्टेंबरपासून बहुतेक त्याच शाळेत जाणार आहे. सकाळची बस ६:४० ला आहे आणि स्टॉप आमच्यापासून चार मैलांवर. कारपूल जमेल का? विपू (इथला खाजगी निरोप) केलीये, बघा.